भटजींना भात कमी वाढा

आमच्या घरी भिक्षुकी पणजोबांपासून चालत आलेली. पालीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. यजमान रत्नागिरी शहरापासून थेट भाट्याच्या खाडीपलीकडच्या वाड्यांपर्यंत पसरलेले. वडील चालत जायचे, मी स्कूटरने जातो, एवढाच फरक. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, लग्न, श्राद्ध, जे बोलावणं येईल त्याला जायचं. आणि जिथे जायचं तिथे जेवायचं.

बाहेरच्या माणसाच्या हे पटकन लक्षात येत नाही. इतर लोक काम आटोपून जेवतात. भटजीचं जेवण हे कामातच धरलेलं असतं. पूजा झाली, आरती झाली, पण भटजी पोटभर जेवले नाहीत तर घरच्या बाईला चुकल्यासारखं वाटत राहतं. म्हणून पानात पडेल ते खायचं, टाकायचं नाही, वाढणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही शिकवण मला संध्येच्या आधी मिळाली. पुढे मी चांगला जेवणारा म्हणून नावाजलो. यजमानीण कौतुकाने म्हणायची, "आमचे भटजी लाजत नाहीत हो," आणि भाताची आणखी एक मूद पानात पडायची.

मधुमेह कळला तोही आडवाटेने. पंचेचाळिशी ओलांडली होती. वर्षभरात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. साखर वाढलेली निघाली. गोळ्या मिळाल्या. आठवण झाली त्या दिवशी मी त्या घेतल्या. खरं सांगायचं तर तो रोग माझा आहे असं मला वाटलंच नाही. कांदा-लसूण घरात येत नाही, अंडं हातात धरलेलं नाही, तंबाखूची चिमूट माहीत नाही. दोन एकादश्या, संकष्टी, श्रावणातले सोमवार, सगळं कडक. असल्या माणसाला कसला मधुमेह, असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, "रिपोर्टवर नाव तुमचंच आहे ना?"

अशी तीन वर्षं गेली.

मग तो वैशाखातला दिवस आला. जवळच्याच एका गावात देवळाचा वर्धापनदिन होता. दुपारी साडेबाराला कलश हातात घेऊन देवळाभोवती अकरा प्रदक्षिणा घालायच्या होत्या. आवारात जांभ्या दगडाची फरसबंदी, डोक्यावर ऊन. माझ्या मागची माणसं दुसऱ्या फेरीलाच सावली शोधत टाचांवर उड्या मारायला लागली. मी सावकाश, मंत्र म्हणत चालत होतो. गावचा एक म्हातारा खांबाला टेकून बघत होता. तो म्हणाला, "भटजी, तुमाला चटका बसत नाय काय ओ?"

"सवय आहे," मी म्हणालो. मनातून मला जरा अभिमानच वाटला.

घरी आलो, पाय धुतले, ओटीवरून माजघरात गेलो. बायको मागून आली आणि थांबली. "हे ओले ठसे कसले?" तिने विचारलं. पाय धुतल्याचे असतील, म्हणालो. तिने वाकून बोट लावून बघितलं. पाणी नव्हतं. तिने मला खाली बसवलं आणि पाय वर केला. मी मान वाकडी करून बघितलं. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते. उजव्या पायाचा फोड फुटून कातडी लोंबत होती.

मला काहीही दुखत नव्हतं. त्या क्षणी मी घाबरलो तो फोडांना नाही, न दुखण्याला.

दुसऱ्या दिवशी बायकोने रत्नागिरीत एका डॉक्टरबाईंकडे नेलं. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. पट्टी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता डोळे मिटा. पायाला टोचल्यासारखं वाटलं की हो म्हणा." मी डोळे मिटून बसलो. दोन वेळा हो म्हणालो. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी म्हटलं, "करा ना सुरू."

"दहा ठिकाणी टेकवून झालं," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात माशाच्या गळाला असतो तसला जाडसर दोरा होता.

रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब सांगणारा तो आकडा दहाच्या पुढे होता. बाईंनी विचारलं, काय जेवता? मी सांगितलं. कुठे जेवता? रोज निराळ्या घरी, म्हणालो, आणि भिक्षुकीचं सगळं समजावलं. मला वाटलं, आता या म्हणणार, हे सगळं बंद करा. त्यांनी केस-पेपर उलटा केला आणि त्यावर केळीचं पान काढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ. मधे भात.

"माझ्या आजोळी असं वाढायचे," त्या म्हणाल्या. "पान उत्तम आहे हो तुमचं. यात नसावं असं फारसं काही नाही. फक्त मापं उलटी झालीत. कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगराएवढा. डावी-उजवी बाजू वाढवा, मधलं कमी करा."

"पण जेवणाची सुरुवात भातानेच होते," मी म्हणालो. "प्राणाहुती भाताच्याच घ्यायच्या असतात."

"किती घास?"

"पाच. करंगळीच्या पेराएवढे."

"मग ते पाच घ्या. सहावा घास काकडीचा घ्या. कोशिंबीर, भाजी, उसळ आधी संपवा, मग उरलेल्या भुकेला भात. देवाचं काही राहिलं का यात?"

राहिलं नव्हतंच काही. बाई शेवटी म्हणाल्या, "आणि पाय रोज बघायचे. तुम्हाला ते सांगणार नाहीत, म्हणून तुम्ही त्यांना बघायचं."

श्रावण लागेपर्यंत मी घरात बसलो. वैशाख-ज्येष्ठातली सगळी कार्यं दुसऱ्यांकडे गेली. रोज सकाळी बायको पट्टी बदलायची आणि त्यानंतर बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघायची. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीच्या शेजारी लिहायची. स्वयंपाकघर तिने हळूहळू बदललं, पण बाहेरून काही आणलं नाही. कुळथाची पिठी आधी पावसाळ्यात कधीतरी व्हायची, ती आठवड्यातून तीनदा व्हायला लागली. डाळिंब्यांची उसळ, मुगाचं बिरडं, नाचणीची भाकरी, ताक. रात्रीचा भात बंद झाला, दुपारचा वाटीभर राहिला. पहिले दहा दिवस मी चिडचिड केली. भाताशिवाय पान म्हणजे मूर्तीशिवाय देव्हारा, असंही एकदा बोललो. ती म्हणाली, "मूर्ती आहे हो. लहान आहे इतकंच."

आषाढातल्या मोठ्या एकादशीला मी हट्टाने साबुदाण्याची खिचडी मागितली. उपवासाचं अन्न ते, पवित्र, त्याने काय होणार? तिने वाद घातला नाही. खिचडी केली, रताळ्याच्या गोड फोडी केल्या, मी पोटभर खाल्लं. दोन तासांनी तिने बोट टोचलं आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. तीनशे बारा. साध्या दिवशी कधी साखर इतकी वर गेली नव्हती. तीन वर्षं मी महिन्यातून दोनदा देवाच्या नावाने हे करत आलो होतो.

"उपवास सोडायचा का मग?" मी विचारलं. माझा आवाज बारीक झाला असणार.

"उपवास कशाला सोडायचा? साबुदाणा सोडा," ती म्हणाली. "मी डॉक्टरबाईंना फोन करत्ये."

बाईंनी पहिल्यांदा गोळ्यांचं सांगितलं. साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहिलात तर चक्कर येऊन पडाल, म्हणून उपवासाच्या दिवशीचं प्रमाण त्यांनी वेगळं लिहून दिलं. आणि मला बजावलं, हे तुमच्यापुरतं आहे, यजमानांना वाटत फिरू नका. पुढच्या एकादशीला वाटीभर वरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, सुरणाची भाजी, ताक. दोन तासांनी एकशे अठ्ठावन्न. बायकोने तो आकडा कॅलेंडरात लिहून त्याला गोल केला. मी पंचांगाखेरीज कशावरही इतका वेळ नजर लावून बसलो नव्हतो.

पाय भरून आले. श्रावणात मी पुन्हा बाहेर पडलो आणि गणपतीत हरलो. चतुर्थीला नऊ घरी प्रतिष्ठापना होती. प्रत्येक घरी, "भटजी, एक तरी मोदक," आणि एकावर कुठे थांबतं? कुणाच्याही घरी मला नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी बायकोने आकडा कॅलेंडरात लिहिला. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर मी सगळ्यांना फोन करून सांगत्ये. पितृपक्ष तोंडावर आलाय."

"नको," मी म्हणालो. "आजारी भटजीला कोण बोलावतं?"

हेच खरं कारण होतं. रोगाची मला तितकी लाज नव्हती. पण जो पान संपवू शकत नाही तो भटजी कसला, ही भीती होती.

पितृपक्षातल्या पंचमीला भाट्याच्या बाजूला एका घरी श्राद्ध होतं. त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. सत्तरीच्या काकू, मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा, आणि नवऱ्याचं श्राद्ध. माझ्याबरोबर आमच्यातले एक वयाने मोठे भटजी होते. ते देवांच्या जागी बसले, मी पितरांच्या. म्हणजे त्या दिवशी, त्या पाटावर, मी काकूंचा नवरा होतो. श्राद्धात पितरांच्या जागी बसलेल्याने बोलायचं नसतं, अन्नाला नावं ठेवायची नसतात. सगळं झाल्यावर यजमान विचारतो, तृप्त झालात का? तेव्हा झालो म्हणायचं.

पान वाढलं. वडे, खीर, लाडू, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी, गवारीची भाजी, भात. मी प्राणाहुती घेतल्या आणि भाजीकडे वळलो. मुलगा फार श्रद्धेने वाढत होता. भात संपायच्या आत पुन्हा भात. खिरीची वाटी अर्धी झाली की भरलेली. तिसऱ्यांदा तो भाताचं भांडं घेऊन वाकला आणि मी पानावर हात आडवा धरला.

तो थबकला. पुन्हा वाकला. मी हात काढला नाही. शेजारच्या भटजींनी माझ्याकडे बघितलं. मुलगा आत गेला आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"काही चुकलं का हो?" त्यांनी विचारलं. मला नाही, माझ्या रूपाने पाटावर बसलेल्या नवऱ्याला विचारत होत्या. डोळ्यांत पाणी उभं होतं.

गप्प राहिलो असतो तर नियम पाळला गेला असता. पण ती बाई नवरा पानावर रुसला असं समजून वर्षभर जगली असती. मी बोललो.

"काकू, काही चुकलं नाही. स्वयंपाक सुरेख झालाय. मला मधुमेह आहे. वैशाखात तळपाय भाजले तरी मला कळलं नाही. मी भात जास्त खाऊ शकत नाही. आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक."

मग काकू दारातच खाली बसल्या.

"ह्यांनाही तोच होता," त्या म्हणाल्या. "पाय काढावा लागला. शेवटची सहा वर्षं मी त्यांना गोडाचा कण दिला नाही. त्यांनी कधी मागितलंही नाही. म्हणून श्राद्धाला मी मुद्दाम खीर जास्त करत्ये. तेव्हा दिली नाही, आता तरी."

मुलगा भांडं हातात घेऊन तसाच उभा होता. काकूंनी डोळे पुसले आणि उठल्या. "भात आत ने," त्या त्याला म्हणाल्या. "कारल्याची भाजी आण. ती त्यांना फार आवडायची. मला म्हणायचे, तू कडू करत नाहीस, नुसतं कारलं करतेस." मग माझ्याकडे वळून, "एक चमचा खीर त्यांच्या नावाने घ्याल?"

मी घेतली. एक चमचा, सावकाश. कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली. ती खरोखरच चांगली होती. शेवटी मुलाने हात जोडून विचारलं, तृप्त झालात का? मी आयुष्यात शेकडो वेळा झालो म्हटलं असेल, बहुतेकदा धोतराची गाठ सैल करत. त्या दिवशी गाठ जिथल्या तिथे होती.

परत येताना ते मोठे भटजी स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. भाट्याच्या पुलावर म्हणाले, "आज पितरांना पथ्य घातलंस. आपल्या वडलांनी असं केलं नसतं हो."

"वडील चालत जायचे," मी म्हणालो. "रोज चार-पाच कोस."



काकूंनी मात्र माझं काम करून टाकलं. त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा सगळ्या आसपासच्याच. आठवड्याभरात मी जिथे जाईन तिथे आतून आवाज यायचा, "भटजींना भात कमी वाढा." कुणी बोलावणं बंद केलं नाही. उलट पूजा आटोपली की घरातला एखादा पुरुष मला कोपऱ्यात घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "मलाही आहे. किती ठेवता तुम्ही?" कधी एखादी सून सासूला पुढे करायची: "भटजी, तुम्हीच सांगा हिला, नैवेद्याचा शिरा संपवायला लागत नाही म्हणून." मी गोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचो नाही. पानाचं सांगायचो. पाच घास, मग काकडी. प्रसाद तळहातावर मावेल तेवढा आणि तेवढाच, कारण प्रसाद हा पोट भरायला नसतो.

गमतीही झाल्या. एका घरी मला चांदीच्या वाटीत कारल्याचा रस ठेवला होता, आणि तो नैवेद्यालाही दाखवला होता. पालीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी वास्तुशांत होती. माझे वडील त्या घरून कोरडा शिधा घेत, जेवत नसत. मी जेवतो. घरची बाई कासावीस झाली. "नाचनीची भाकरी भटजीला कशी वाढू? आमी रोजची खातो ती. लोकं काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांना मी सांगतो. गरम भाकरी, वर घरचं लोणी, वांग्याचं भरीत आणि चवळीची उसळ. त्या मांडवात पन्नास माणसं पुरी-बासुंदी खात होती आणि माझ्या पानाकडे बघत होती. थोड्या वेळाने घरमालकाच्या भावाने आपल्यालाही भाकरी मागितली.

दुसऱ्या वैशाखात आंबे आले. हापूस मी सोडला नाही. एका आंब्याचे चार वाटेकरी केले आणि त्या दिवशी भात घेतला नाही. संध्याकाळी जेवणानंतर आम्ही दोघं रस्त्याने तासभर चालायचो. पहिल्यांदा माझ्यासाठी ती येत होती. पुढे पावसाची सर असली तरी तीच छत्री घेऊन दारात उभी राहायला लागली.

रिपोर्ट दर तीन महिन्यांनी व्हायचा. दहाच्या पुढचा आकडा आठवर आला, मग सात, तिथे हट्टाने थांबला, आणि दीड वर्षाने सहा पॉइंट तीन झाला. बाईंनी कागद दोनदा वाचला. डोळे मिटायला सांगितलं. मी सहा वेळा हो म्हणालो.

"सगळ्यांचं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं थोडं आलंय. आणखी येईलच असं नाही, पण जाऊ द्यायचं नाही." दोन गोळ्यांपैकी एक त्यांनी बंद केली. दुसरी चालू आहे. मधुमेह गेलेला नाही, हे मी कुणालाही आधी सांगतो. पण बाहेर येऊन मी फुटपाथवर उभा राहिलो, चप्पल काढली आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर पाय टेकवला. चटका बसला. लागलीच पाय उचलला. बायको म्हणाली, "काय करताय हे?" आणि मग तिला कळलं. तिने तोंड फिरवून पिशवीत उगाच काहीतरी शोधलं.

त्या वर्षी माघात रत्नागिरीत एका यजमानाकडे लघुरुद्र होता. आम्ही अकरा जण बसलो होतो. सकाळी सहाला सुरू झालं ते दुपारी दीडला संपलं. पूर्वी असल्या दिवशी शेवटच्या आवर्तनात माझी मान डुलायची. या वेळी आवाज शेवटपर्यंत टिकला. माझ्या शेजारचे दोघे मधेच पाणी प्यायला उठले, मी उठलो नाही.

पंगत बसली. स्वयंपाकाला यजमानांनी माझ्या बायकोला हाताशी बोलावलं होतं. केळीच्या पानांवर कोशिंबिरी दोन-दोन, भाज्या तीन, मटकीची उसळ, आणि मधे भाताची मूद लिंबाएवढी. मी प्राणाहुती घेतल्या, काकडीला हात घातला. वाढपी भाताचं पातेलं घेऊन निघाला. पहिल्याने घेतला. दुसऱ्याने हात आडवा धरला. मग ते मोठे भटजी, भाट्याहून परतताना माझ्या मागे बसलेले. त्यांनी वाढप्याकडे न बघता पानावर हात धरला आणि म्हणाले, "उसळ आण."

माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

अकरातल्या सात जणांनी भात परतवला. वाढपी गोंधळला आणि भरलेलं पातेलं घेऊन आत गेला. आतून आचाऱ्याचा आवाज आला, "भात बिघडलाय काय?"

"भात चांगला आहे," माझी बायको म्हणाली. "कोशिंबीर कमी पडेल, ती बघा."